वारांची वही

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



गेल्या महिन्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "अब्बा, आपल्या वाड्यातली ती वारांची वही अजून आहे का हो?" मी म्हटलं, "आहे. पण तुला ती कशाला हवी?" तेव्हा तिने सांगितलं, की त्यांच्या सोसायटीतली चार-पाच घरं मिळून मुलं सांभाळायचं ठरवताहेत. नवरा-बायको दोघंही नोकरीला, आजी-आजोबा गावाकडे, आणि मूल दीड वर्षाचं. कुणी घरून काम करतं, कुणाला आठवड्यातून दोनच दिवस कचेरीत जावं लागतं. मग एकेकाने एकेक दिवस सगळ्यांची मुलं का सांभाळू नयेत? हिशेबाचा तक्ता त्यांनी संगणकावर आधीच तयार केला होता. तिला फक्त आमचे नियम हवे होते.

मी ट्रंकेतून वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, कोपरे कुरतडलेली. चाळता चाळता एका पानाशी थांबलो. त्या पानावर तांबड्या शाईतली एक ओळ आहे. अक्षर माझंच आहे. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते त्या ओळीबद्दल.

ही गोष्ट १९९९ सालची. आम्ही सोलापुरात एका जुन्या वाड्यात भाड्याने राहत होतो. वाड्यात नऊ बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात एक नळ. मी एका दैनिकात मुद्रितशोधक होतो, म्हणजे रात्रभर प्रुफं तपासायची आणि पहाटे घरी यायचं. कविता करत होतो, पण कवितेवर घर चालत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. पत्नी रुग्णालयात परिचारिका. तिच्या पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या. मुलगी तीन वर्षांची.

वाड्यात आमच्यासारखी आणखी चार घरं होती. वरच्या मजल्यावर बँकेत काम करणाऱ्या वहिनी, त्यांना दोन मुलं. शेजारी एक लिंगायत कुटुंब, त्यातल्या वहिनी शिकवण्या घ्यायच्या. चौकापलीकडे एक एस.टी. कंडक्टर आणि त्यांची अंगणवाडीसेविका पत्नी. आणि मागच्या बाजूला, पत्र्याच्या खोलीत, आम्ही सगळे जिला अक्का म्हणायचो ती तेलुगू बाई. नवरा वारलेला, चार वर्षांचा एक मुलगा. शाळेचे गणवेश शिवण्याच्या एका छोट्या कारखान्यात ती मशीनवर बसायची. मजुरी नगावर.

पाच घरं, सहा मुलं. प्रत्येक घर आपापल्या परीने रोज कसरत करत होतं. कुणी मुलाला कामावर घेऊन जाई, कुणी शेजारणीच्या हातापाया पडे. एका संध्याकाळी नळावर बोलता बोलता वहिनींनी विचार मांडला, "आपण वार का वाटून घेत नाही?" सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे पाच दिवस पाच घरांचे. शनिवार आळीपाळीने. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. ज्याचा वार असेल त्याने त्या दिवशी रजा काढावी, पाळी बदलून घ्यावी, किंवा घरातलं दुसरं मोठं माणूस थांबवावं. माझं काम रात्रीचं, तेव्हा आमच्या घरचा गुरुवार माझा.

हे मी सांगितलं तेव्हा जरा शांतता पसरली. पाच घरांत मुलं सांभाळणारा पुरुष मी एकटाच. शेवटी लिंगायत वहिनी स्पष्टच बोलल्या, "भाऊ, राग मानू नका. पण दार उघडं राहील, खिडकी उघडी राहील, आणि आमच्यापैकी कुणीही कधीही डोकावेल." मला लागलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर बोलल्या त्या. तुमच्यापुरतंच कशाला, पाचही घरांना हा नियम हवा." वहीतला पहिला नियम तोच झाला, की ज्याचा वार त्याचं दार उघडं. आज वाटतं, तो आमचा सगळ्यात शहाणपणाचा नियम होता.

दुसरा नियम डब्याचा. एका घरी अंडं चालतं, दुसऱ्या घरी कांदासुद्धा सोमवारी चालत नाही. यावर चर्चा करत बसलो असतो तर तिथंच सगळं मोडलं असतं. तेव्हा ठरलं की डबा ज्याचा त्याचा, पाणी एका माठाचं. रमजानमध्ये गुरुवारी मी सहा मुलांना डबे उघडून देऊन समोर बसायचो. अक्काचा पोरगा विचारायचा, "चाचा, तुमचा डबा कुठाय?" मी म्हणायचो, "माझा डबा संध्याकाळी येतो." तो आपल्या भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवून फडताळात ठेवून द्यायचा, माझ्यासाठी. संध्याकाळी रोजा सोडताना खजुराबरोबर तो वाळलेला तुकडाही असायचा.

तिसरा नियम औषधाचा. आजारी मुलाला पाठवायचं नाही, आणि चिठ्ठीशिवाय कुणी कुणाच्या मुलाला औषध द्यायचं नाही. चौथा, हात उगारायचा नाही. आणि पाचवा नियम हिशेबाचा. ज्याला आपला वार जमला नाही त्याच्या नावावर एक वार देणे, ज्याने त्याच्या जागी सांभाळलं त्याच्या नावावर एक वार येणे. महिन्याच्या शेवटी गच्चीवर बसून वही वाचायची. वही कुणी ठेवायची? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी बी.ए. झालेला, अक्षर बरं, आणि चुका शोधण्याचा पगार घेणारा.

आठ महिने झकास चाललं. मग फेब्रुवारी संपला.

शाळा जूनमध्ये उघडतात. म्हणजे गणवेश मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांत शिवून व्हायला हवेत. अक्काच्या कारखान्यात या दिवसांत रात्री आठ-आठपर्यंत मशीन चाले. वर्षाची कमाई याच हंगामात. या दिवसांत बुधवारची सुट्टी मागणं म्हणजे मशीन दुसरीला देऊन टाकणं. बुधवारमागून बुधवार अक्काला जमेना. तिच्या जागी कधी मी, कधी शिकवणीच्या वहिनी. एप्रिलअखेर मी वहीत बेरीज केली आणि तपासनीसाच्या सवयीने, प्रुफावर चूक दाखवावी तसं, तांबड्या पेनने लिहिलं, "अक्का : ७ वार देणे." आणि गच्चीवर सगळ्यांसमोर ते वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही. अक्काही नाही.

मे महिना लागला. पहिल्याच सोमवारी तिचा मुलगा आला नाही. विचारल्यावर तिने सांगितलं, "गावाहून त्याची आजी आलीय." आम्हाला बरं वाटलं. खरं सांगायचं तर, एक मूल कमी झाल्याचंही बरं वाटलं.

दहाएक दिवस गेले. गुरुवार होता. सोलापूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. दुपारी दीडच्या सुमाराला चौकातल्या नळाला पाणी आलं म्हणून मी घागर घेऊन बाहेर आलो. मुलं माझ्या उघड्या दारातून दिसत होती. मागच्या बाजूने बारीक आवाज आला, "चाचा, कडी काढा." मला आधी वाटलं आमच्यातलंच कुणी खेळतंय. पुन्हा आवाज आला. जाऊन पाहतो तर पत्र्याच्या खोलीला बाहेरून कुलूप, आणि खिडकीच्या गजांना धरून तो पोरगा उभा.

आजी आलीच नव्हती. दहा दिवस ते पोर सकाळी आठपासून कुलपात होतं. शेजारी पाण्याचा तांब्या आणि डबा. त्या दिवशी तांब्या सांडला होता.

मी वरवंट्याने कुलूप तोडलं. मुलाचं अंग तापलेलं, ओठ सुकलेले, रडत होता पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. पत्नीने शिकवलेलं आठवून मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजलं. शिकवणीच्या वहिनी इतर मुलांपाशी बसल्या आणि मी रिक्षाने त्याला दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर सांगता आलं नसतं. संध्याकाळी तो उठून बसला आणि त्याने बिस्कीट मागितलं, तेव्हा कुठे माझ्या पायांत बळ आलं.

अक्का धावत आली. मी तिच्यावर ओरडायच्या तयारीत होतो. तोंडाशी शब्द आलेसुद्धा होते. ती मुलाला कवटाळून एवढंच म्हणाली, "भाई, सात वार मी कुठून फेडू? आणखी किती चढवून घेऊ?"

मी ओरडलो नाही. त्या रात्री कामावरही गेलो नाही.

श्रोतेहो, आमच्या वहीत कोण किती देणं लागतं हे तारीखवार लिहिलेलं होतं. मूल आलं नाही तर त्याच्या दारापर्यंत कोण जाणार, हे मात्र कुठंच लिहिलं नव्हतं. हिशेब वारांचा होता, मुलांचा नव्हता. आणि जिला मदतीची सगळ्यात जास्त गरज होती तिलाच त्या हिशेबाने बाहेर काढलं होतं. ना कुणी भांडलं, ना कुणी तिला नको म्हटलं. माझ्या तांबड्या ओळीने ते काम परस्पर केलं.

पुढे काही वर्षांनी एका अर्थशास्त्रीय लेखाची प्रुफं माझ्याकडे आली. त्यात अमेरिकेतली एक हकिकत होती. वॉशिंग्टनमध्ये कॅपिटल हिल नावाच्या भागात १९७० च्या दशकात सुमारे दीडशे कुटुंबांची मुलं सांभाळण्याची सहकारी मंडळी होती. तिथे वही नव्हती, कूपनं होती. एक कूपन म्हणजे अर्धा तास. माझं मूल तुम्ही सांभाळलंत की मी तेवढी कूपनं द्यायची, तुमचं मी सांभाळलं की तुम्ही मला. नव्या सभासदाला वीस तासांची कूपनं मिळत, मंडळी सोडताना तेवढीच परत करायची. कारभाराच्या कामासाठीही समिती कूपनंच वसूल करी.

झालं असं, की हळूहळू कूपनं कमी पडू लागली. आपल्याला ऐन वेळी लागतील म्हणून जो तो ती जपून ठेवू लागला. कूपन खर्चायचं नाही म्हणून कुणी बाहेर जाईना, आणि कुणी बाहेर जाईना म्हणून दुसऱ्याला कूपन कमावता येईना. मंडळी ठप्प. अमुक दिवसांतून बाहेर गेलंच पाहिजे असा नियमही करून पाहिला. शेवटी उपाय निघाला तो साधा. आणखी कूपनं काढली. नव्या माणसाला तीस तासांची द्यायची, जाताना परत मात्र वीसचीच घ्यायची. लोक बाहेर पडू लागले. पुढे कूपनं फार झाली आणि उलटी अडचण आली, तो भाग वेगळा. जोन आणि रिचर्ड स्वीनी या सभासद दांपत्याने १९७७ साली यावर निबंध लिहिला, आणि पॉल क्रुगमन या अर्थतज्ज्ञामुळे तो पुढे जगभर गाजला.

ते वाचताना मला अक्का आठवली. तिकडे कुणाचं प्रेम आटलं नव्हतं, माणसं वाईट झाली नव्हती. उधारीची सोयच अपुरी होती. पण एक फरकही जाणवला. त्या लोकांनी कूपन जपलं तर फार तर एखादी संध्याकाळ घरी काढावी लागे. अक्काला घरी बसायची मुभाच नव्हती. तिने वार वाचवले ते मुलाला कुलपात ठेवून.

आम्ही काय केलं ते सांगतो. दुसऱ्याच दिवशी गच्चीवर जमलो. पहिला ठराव, ज्याचा वार त्याने साडेनऊला मुलं मोजायची. एक जरी कमी असलं तरी त्याच्या दाराशी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. आजी आली म्हणत असतील तर आजीला नमस्कार करून यायचं. दुसरा ठराव, हिशेब महिन्याचा नाही, वर्षाचा. कारण काम सगळ्यांना वर्षभर सारखं नसतं. बँकेतल्या वहिनींना मार्चअखेर जड, शिकवणीच्या वहिनींना परीक्षेचे दिवस जड, अक्काला उन्हाळा. तिसरा, प्रत्येक घराला वर्षाच्या सुरुवातीला दहा वार जमा. म्हणजे पहिल्या अडचणीलाच कुणी कर्जदार होणार नाही. चौथा, वही मोठ्याने वाचायची नाही. ज्याला पाहायची त्याने पाहावी.

कुणीतरी सुचवलं, की अक्काने सात वारांच्या बदल्यात आपल्या मुलांचे कपडे शिवून द्यावेत. सगळ्यांना पटलंही. पण माझी पत्नी म्हणाली, "तिच्या शिलाईला बाजारात दर आहे. तो देऊन शिवून घ्या. वार फेडायचा तर वारानेच." तिचं म्हणणं मला आजही मोलाचं वाटतं. गरजवंताचं कसब फुकट मिळवायची वाट ही अशीच सोयीच्या नावाखाली उघडते.

जुलैपासून कारखान्यात काम मंदावलं. अक्काने बुधवार घेतलेच, वर शनिवारही घेतले. दिवाळीपर्यंत तीच तीन वार पुढे होती, आणि सासूबाईंच्या शस्त्रक्रियेमुळे बँकेतल्या वहिनी मागे. तिच्या बुधवारी मुलं खूश असायची. चिंध्यांच्या बाहुल्या, तेलुगू गाणी. माझी मुलगी आजही दहापर्यंत आकडे तेलुगूत म्हणते. आमचं हे २००५ पर्यंत चाललं. मग मुलं शाळांत गेली, दोन बिऱ्हाडं हलली आणि वही ट्रंकेत गेली.

आता एक कबुली. पाच घरांनी एकत्र येऊन सगळं सुटतं, असं मी म्हणणार नाही. आमचं जमलं त्यात माझ्या झोपेचाही वाटा होता. पहाटे चारला येऊन साडेआठला उठणारा माणूस प्रत्येक वाड्यात नसतो. अक्का जिथे राबत होती तिथे जेमतेम दहा-बारा बायका. त्या वेळी लागू असलेल्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्रिया असतील तिथेच पाळणाघराची सक्ती होती. अंगणवाड्या होत्या, १९७५ साली सुरू झालेल्या योजनेतल्या, पण त्या दिवसातले काही तास. आईच्या कामाचे तास त्याहून दुप्पट.

मुलाची वेळ आणि आईच्या कामाची वेळ जुळवायची कशी, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला त्यांच्या लक्षात आलं की थोरल्या मुली शाळेत येत नाहीत, कारण धाकटं भावंड त्यांच्या कडेवर असतं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. थोरलीला पाटी मिळावी म्हणून धाकट्याला पाळणा दिला. अहमदाबादेत 'सेवा' संघटनेतल्या बायकांनी १९८६ साली 'संगिनी' नावाची बालसंगोपनाची सहकारी संस्था नोंदवली. तिथे मुलं सांभाळणाऱ्या बायकाच संस्थेच्या सभासद. सांभाळण्याचा त्यांना मोबदला मिळतो आणि केंद्राची वेळ कष्टकरी आईच्या कामाच्या वेळेप्रमाणे ठरते. सांभाळणं हे काम आहे, त्याचे तास मोजले पाहिजेत, हे त्यांना नीट कळलेलं आहे. तेव्हा हिशेब वाईट असं मी म्हणत नाही. हिशेब नसता तर आमची वाटणी दोन महिन्यांत मोडली असती. घरात जो बोलत नाही त्याच्यावर सगळं पडतं, तसंच वाड्यातही झालं असतं.

मुलीला मी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. रात्री तिचा फोन आला. "अब्बा, हे तांबड्या शाईत सात वार देणे कुणाचं? आणि त्यावर काट का नाही? नंतर फिटले ना ते?" तिला हे काहीच आठवत नाही. तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि त्या दुपारी माझ्या खोलीत बसून चित्रं रंगवत होती. मी तिला सगळं सांगितलं. वार फिटले, पण ओळ मी मुद्दामच खोडली नाही, हेही सांगितलं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या तक्त्यात मुलं मोजायचा रकानाच नाही."

मी म्हटलं, "मग पहिला तोच घाल. बाकीचे नंतर."